नोटिशीतला हरवलेला कर्ता

समीक्षेवर बोलायचं म्हटलं की वक्ता सहसा कथा, कविता किंवा कादंबरी घेऊन येतो. मी आज दोन साधे कागद घेऊन आलोय. पहिला कागद म्हणजे आमच्या सोसायटीने काही सभासदांच्या दाराखालून आत सरकवलेली नोटीस. दुसरा त्या नोटिशीच्या मागचा. नोटीस एआयकडून लिहून घेतली होती आणि त्या एआयला आमच्या सेक्रेटरींनी एक कायमची सूचना देऊन ठेवली होती, तिची ही छापील प्रत. दोन्ही कागद त्यांच्या परवानगीने आणलेत, हे आधीच सांगतो. उद्याही मला त्याच बिल्डिंगमध्ये राहायचंय.

नोटीस वाचतो. ‘प्रिय रहिवासी, आम्ही आशा करतो की आपण कुशल असाल. आपल्या देखभाल शुल्काची थकबाकी प्रलंबित असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांच्या आत भरणा न केल्यास दरमहा २ टक्के दंडव्याज आकारले जाईल, तसेच पाणीपुरवठ्यासह अत्यावश्यक सेवा खंडित करण्यात येऊ शकतात. आपल्या सहकार्याची आम्ही प्रशंसा करतो.’

ऐकायला कशी वाटते? सभ्य वाटते. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आमच्या नोटीस बोर्डावर इतकं शुद्ध मराठी मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

ही नोटीस तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मिळाली. त्यांचे यजमान गेल्यावर बँकेतून आपोआप वळता होणारा मेंटेनन्स बंद पडला होता. दोन महिन्यांचे पैसे थकले होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “अहो, तुम्ही पूर्वी कमिटीत होतात ना? पाणी नक्की कधी तोडणारेत? रात्री होती नव्हती ती पिंपं भरून ठेवलीत मी.”

मी सेक्रेटरींना फोन केला. पाणी तोडायचं कोणी ठरवलं, कमिटीच्या कुठल्या सभेत? ते बिचारे खरंच गोंधळले. “पाणी? पाण्याचं कुणीच काही ठरवलं नाही. ते एआयने लिहिलंय. मी वरवर वाचलं, भाषा चांगली होती, पाठवून दिलं.”

आजचा माझा विषय या उत्तरात आहे. कुणीच ठरवलं नव्हतं, कुणीच लिहिलं नव्हतं आणि तरी काकूंनी पिंपं भरली. म्हणजे नोटीस लागू झाली होती.

आता दुसरा कागद. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. २०२३ च्या जुलै महिन्यात चॅटजीपीटीमध्ये एक सोय आली. दर वेळी तेच तेच सांगायला नको म्हणून एका चौकटीत आपली कायमची सूचना लिहून ठेवायची. सुरुवातीला त्या चौकटीत १५०० अक्षरं मावत. तुम्ही पुढे जे काही विचाराल, त्याच्या आधी ही सूचना न दिसता जोडली जाते. बाकीच्या एआयमध्येही आता अशी सोय असते. म्हणजे सूचना एकदाच लिहिली जाते आणि तिचा परिणाम शंभर पत्रांवर होतो. लिहिणारा मात्र महिन्याभरात ती विसरून जातो.

आमच्या सेक्रेटरींची सूचना अशी: ‘तू एका गृहनिर्माण संस्थेचा अनुभवी व्यवस्थापक आहेस. व्यावसायिक, सभ्य पण ठाम भाषेत लिही. आवश्यक तेथे कायदेशीर परिणामांची जाणीव करून दे.’

फक्त तीन वाक्यं आहेत. अशा सूचनांच्या तयार याद्या सगळीकडे फिरत असतात आणि त्यातल्या बहुतेक याच वळणाच्या असतात. कवितेच्या ओळी वाचतो तशी ही तीन वाक्यं वाचून पाहू.

पहिलं वाक्य, ‘अनुभवी व्यवस्थापक आहेस’. अनुभव म्हणजे काय? आमच्या सोसायटीतला अनुभव म्हणजे टाकीचा कुठला व्हॉल्व्ह अडकतो हे माहीत असणं, आणि तिसऱ्या मजल्यावर नुकतंच काय घडलंय हे माहीत असणं. यंत्राला ‘अनुभवी’ म्हटल्याने यातलं काहीच त्याला कळत नाही. त्याला फक्त अनुभवी माणसाचा आवाज काढता येतो. नाटकात वकिलाचा कोट घातलेल्या नटाने आपली केस लढवावी, असं आपण म्हणत नाही ना?

दुसरं वाक्य, ‘सभ्य पण ठाम’. इथे फक्त स्वर सांगितलाय. पण ठामपणा भाषेतून येत नाही, ठरावातून येतो. सर्वसाधारण सभेने ठरवलेला व्याजदर असेल तर तो साध्या शब्दांत सांगितला तरी ठामच असतो. ठराव दिला नाही आणि ठामपणा मात्र मागितला, की यंत्र तो कुठून आणणार? त्याने जगभरातल्या वसुलीच्या पत्रांतून आणला. दरमहा २ टक्के म्हणजे वर्षाला २४. आमच्या सभेने १८ ठरवलेत. आमच्या नोंदणीकृत उपविधींत कमाल मर्यादा वर्षाला २१ टक्के, तीही सरळ व्याजाची. म्हणजे तो आकडा ना सभेचा, ना उपविधींचा.

तिसरं वाक्य सगळ्यांत धोक्याचं. ‘आवश्यक तेथे कायदेशीर परिणामांची जाणीव’. आवश्यक कुठे, हे ठरवणार कोण? आणि कुठला कायदा? आपल्याकडे सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा आहे, त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. थकबाकी वसूल करायला त्यात रस्ता दिलाय: संस्थेने निबंधकाकडे अर्ज करायचा, चौकशी व्हायची, मग वसुलीचा दाखला. कलम १५४ ब-२९. त्या रस्त्यावर कमिटीने जाऊन कुणाचा नळ बंद करणं कुठेही येत नाही. आपण यंत्राला कायदा दिलाच नाही, फक्त कायद्याची भीती मागितली. मागितली ती मिळाली.

इथे कुणी म्हणेल, आधीच्या नोटिसा काय मोठ्या शहाण्या होत्या? नव्हत्या. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ हे वाक्य कुठल्याही यंत्राने आणलेलं नाही, ते आपणच पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. आणि सेक्रेटरींचीही बाजू आहे. मानद काम, दिवसभर नोकरी, रात्री नऊनंतर सोसायटीची फाइल उघडायची. अशा माणसाने मदत घेतली तर त्याला नावं ठेवायला मी आलेलो नाही. माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे.

आपल्या नोटिशीची भाषा कर्मणी वळणाची. ‘आकारले जाईल’, ‘करण्यात येईल’. यात कर्ता दिसत नाही. पण जुन्या नोटिशीत तो वाक्यात नसला तरी कागदावर सापडायचा. वर जावक क्रमांक असायचा, मध्ये ठराव क्रमांक आणि सभेची तारीख, खाली सही. काकू जाऊन विचारू शकत होत्या: हा ठराव दाखवा. यंत्राने वाक्यातला कर्ता लपवला आणि आपण कागदावरचाही काढून टाकला. खाली काय होतं? ‘आपली विश्वासू, व्यवस्थापन टीम’. आमच्याकडे टीम नाही. सात माणसांची कमिटी आहे आणि सातही जण लिफ्टमध्ये भेटतात.

मराठीत ‘पाणी बंद राहील’ आणि ‘पाणी बंद करण्यात येईल’ या दोन वाक्यांत फरक आहे. पहिलं टाकी धुण्याच्या दिवशी लिहितात, दुसरं धाक घालायला. मराठी माणसाला हा फरक न शिकवता कळतो. आणि ‘करण्यात येऊ शकते’ हे तर त्याहून वाईट, कारण त्यात धमकी आहे पण वचन नाही. उद्या कुणी जाब विचारला तर म्हणायला मोकळे, की आम्ही ‘शकते’ लिहिलं होतं.

हे फक्त सोसायटीपुरतं नाही. मालक अमेरिकेत आणि फ्लॅट पुण्यात, अशी कितीतरी घरं आज कुणीतरी तिसराच सांभाळतो. पंधरा-वीस फ्लॅटची भाडी, दुरुस्त्या, भाडेकरूंशी पत्रव्यवहार. तिथे सूचनेच्या चौकटीत काय लिहिलं जातं? ‘मालकाचे हित सर्वोच्च ठेव.’ ऐकायला ठीक आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा पुरेशा कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई आहे. करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. हे चौकटीत नसेल तर यंत्र ‘मालकाचे हित’ म्हणून भाडेकरूलाच दरडावेल, की करार नोंदवला नाहीत, परिणाम भोगा.

त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे ‘एकट्या मुलींना टाळ’, ‘अमुकच आहार असलेल्या कुटुंबाला प्राधान्य दे’. पूर्वी असा पूर्वग्रह फोनवर बोलला जायचा. वाईटच होतं ते, पण निदान समोरच्याच्या कानावर पडायचं, तो भांडू शकायचा. तेच चौकटीत एकदा लिहिलं की प्रत्येक चौकशीला गोड भाषेत ‘सध्या फ्लॅट उपलब्ध नाही’ असं उत्तर जातं. नकार मिळालेल्याला कारण कधीच कळत नाही. लिहिणाऱ्यालाही काही दिवसांनी आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की कायमची सूचना ही खासगी टिपण नाही. ती संस्थेच्या वतीने बोलते, म्हणून तिला संस्थेच्या कागदासारखंच वागवलं पाहिजे. ती कशी असावी, याचा आम्ही मग बसून प्रयत्न केला. त्यातलं मुख्य सांगतो.

स्वराबद्दल एकच ओळ ठेवली: साधं लिही, समोरासमोर बोलताना जे म्हणणार नाही ते लिहू नकोस. बाकी जागा वस्तुस्थितीला दिली. सभेने ठरवलेला व्याजदर, ठरावाची तारीख, बिल कधी निघतं, पैसे भरायची मुदत कोणती. भाड्याने दिलेल्या घरांचं बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही आणि घरात मालकाचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी राहत असतील तर ते लावायचंच नाही. २००१ च्या शासकीय आदेशापासून हे ठरलेलं आहे. हे लिहिलं नसतं तर दुसऱ्या मजल्यावर भावाच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना पुढची नोटीस नक्की गेली असती.

मग, काय लिहायचं नाही. पाणी, वीज, लिफ्ट, गेटमधून प्रवेश यांचा थकबाकीशी संबंध जोडायचा नाही. कलम क्रमांक आम्ही दिल्याशिवाय लिहायचा नाही. आणि सभासदाचं नाव, फ्लॅट नंबर यंत्राला द्यायचाच नाही, तो आम्ही हाताने घालू.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. माहिती नसेल तिथे रिकामी जागा सोड आणि आम्हाला विचार. यंत्राला पोकळी भरून काढायची सवय असते, म्हणून गाळलेली जागा मागावी लागते. हे सांगूनही ते कधीकधी भरतंच. म्हणून वाचणारा माणूस लागतोच, आणि वाचायचं ते भाषा चांगली आहे का यासाठी नाही, तर प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ असं विचारत. आकारले जाईल: कोण आकारणार? ठरवण्यात आले: कुणी, कधी? उत्तर मिळालं नाही तर ते वाक्य खोडायचं.

शेवटी, ही सूचना कमिटीच्या सभेत वाचून दाखवली आणि इतिवृत्तात नोंदवली. दर वर्षी वार्षिक सभेआधी ती पुन्हा वाचायची असं ठरलं. एक जण म्हणाले, “एवढं कोण करत बसणार?” पण ते पाऊण पान आहे आणि वर्षातून एकदा वाचायचंय. रंगकामाच्या कोटेशनवर आम्ही तीन सभा घालवल्या होत्या.

नवी नोटीस वाचून थांबतो. ‘आपला जून आणि जुलैचा मेंटेनन्स अजून जमा झालेला नाही. बँकेतून रक्कम वळती होणं थांबलं आहे का, ते कृपया पाहावं. मुदतीनंतरच्या रकमेवर सर्वसाधारण सभेने वर्षाला १८ टक्के सरळ व्याज ठरवलं आहे. काही अडचण असेल तर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात खजिनदारांना भेटावं. कमिटीच्या वतीने, सेक्रेटरी.’ खाली पेनने केलेली सही.

यातलं दुसरं वाक्य यंत्राने लिहिलेलं नाही. ते सेक्रेटरींनी स्वतः घातलं, काकूंकडे जाऊन आल्यावर. काकूंनी शनिवारी पैसे भरले. पिंपं मात्र आठवडाभर भरलेलीच होती, असं त्यांनीच मला सांगितलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.