'बोर्ड स्वच्छ केला' म्हणजे नेमकं काय केलं?

पेपर वाचताना 'सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केला' हे वाक्य आलं की तुम्ही पुढे सरकता ना? मीही सरकायचो. मग एका पावसाळ्यात माझ्याच बोर्डवरचा लीकेज करंट रोज वेगळा यायला लागला. मी ब्रशने अल्कोहोल फिरवून बोर्ड तसाच वाळू दिला होता. फ्लक्स निघाला नव्हता, नुसता पसरला होता.

फ्लक्स सोल्डरिंगच्या वेळी धातूवरचा ऑक्साइड काढतो. पण त्यातली आम्लं, क्षार मागे उरले की ते हवेतला ओलावा धरतात. त्यात व्होल्टेज असलं की धातूचे आयन सरकतात आणि दोन ट्रॅकमध्ये फांद्यांसारखे तंतू वाढून शॉर्ट होऊ शकतो.

हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे रोझ चाचणी. बोर्ड अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात धुवायचा, त्या द्रवाची विद्युतवाहकता बघायची आणि उत्तर मिठाच्या हिशेबात द्यायचं. दर चौरस सेंटीमीटरला १.५६ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पास. हा आकडा १९७० च्या दशकातल्या अमेरिकी लष्करी कामातून आला. तेव्हा फ्लक्स रोझिनचा असायचा आणि पार्टच्या पायांमध्ये भरपूर अंतर असायचं.

माझा आक्षेप इथे आहे. ही संपूर्ण बोर्डची सरासरी आहे. समजा बोर्ड १०० चौरस सेंटीमीटरचा आहे, म्हणजे एकूण १५६ मायक्रोग्रॅम चालतील. ते सगळे एकाच पार्टखाली, १ चौरस सेंटीमीटरमध्ये साचले तर तिथे मर्यादेच्या शंभरपट घाण, आणि बोर्ड मात्र पास! शिवाय बोर्डला चिकटून बसणाऱ्या पार्टखाली द्रव नीट पोहोचेलच असं नाही. मग ती घाण मोजलीच जात नाही.

चाचणी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. रोजची प्रक्रिया कालच्यासारखीच चालू आहे का, हे ती पटकन सांगते. पण बोर्ड टिकेल का, हे तिला विचारू नये. आयपीसीच्या जे-एसटीडी-००१ या मानकानेही २०१८ मध्ये, दुसरा पुरावा नसताना फक्त १.५६ वर पास ठरवणं बंद केलं.

तेव्हा 'स्वच्छ' हा शब्द दिसला की तीन गोष्टी शोधा : फ्लक्स कोणता होता, घाण नेमकी कुठे मोजली, आणि दमट हवेत व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध तपासला का. आणि स्वतःचा पेपर लिहाल तेव्हा ही तिन्ही उत्तरं त्यात असू द्या.