पुठ्ठ्याचे देऊळ आणि इतिहासाच्या बाई

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिकेचे जुने, कृष्णधवल भाग पाहिलेली माणसे परभणी जिल्ह्यात मोजायची झाली तर एका हाताची बोटे पुरावीत. गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जणांनी ते दर रविवारी पाहिले: दोन शिक्षक, कृषी विद्यापीठातले एक संशोधक, एक कापडदुकानदार आणि एक नुकताच पदवीधर झालेला तरुण. पाहण्यापेक्षा भांडणेच अधिक झाली. त्या भांडणांतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते; कारण प्रश्न एका परदेशी मालिकेचा नाही, अद्भुत रसाकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो याचा आहे.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीवर सुरू झाली. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या आदल्याच दिवशी झाली होती. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौला जन्मलेले तरुण गृहस्थ. मुलांना थोडे विज्ञान आणि थोडा इतिहास खेळीमेळीने शिकवावा, हा चालकांचा मूळ हेतू. म्हणून डॉक्टर नावाच्या गूढ म्हाताऱ्याबरोबर काळाच्या प्रवासाला जाणारी जी दोन माणसे निवडली ती शाळामास्तर. इयान चेस्टरटन विज्ञान शिकवतो, बार्बरा राइट इतिहास. त्यांच्या वर्गात सुझन नावाची एक विलक्षण मुलगी आहे. ती इंग्लंडात दशमान नाणी चालतात असे गृहीत धरून बोलते आणि वर्ग हसतो. इंग्लंडात ती नाणी १९७१ साली यायची होती. (आपल्याकडे नवे पैसे १९५७ सालीच आले होते. ही मुलगी आमच्या सेलूच्या शाळेत असती तर कोणी हसले नसते!) तिच्या घराचा शोध घेत दोघे शिक्षक एका भंगारवाड्यात शिरतात, आणि तिथल्या पोलिसांच्या निळ्या खोक्यातून थेट अश्मयुगात जाऊन पडतात.

आता या मालिकेची जी थट्टा होते तिच्याविषयी. देखावे पुठ्ठ्याचे, गुहांच्या भिंती कापडाच्या, आणि ‘डालेक’ नावाच्या भयंकर यंत्रराक्षसाचा एक हात म्हणजे तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी पंप! पंचवीस मिनिटांचा भाग जवळजवळ नाटकासारखा सलग चित्रित होई. फीत कापून जोडणे महाग, म्हणून विल्यम हार्टनेल या वृद्ध नटाची अडखळलेली वाक्येही तशीच राहिली. आमच्या तरुण मित्राला पहिल्या रविवारी हसू आवरेना. कापडदुकानदार मात्र हसले नाहीत. लहानपणी गावच्या जत्रेत रंगीत कागदाचे मुखवटे लावून आलेली सोंगे ज्याने पाहिली आहेत, त्याला पुठ्ठ्याचे वावडे नसते, असे ते म्हणाले. मला हे फार मार्मिक वाटले. लळितात नृसिंह खांबातून प्रकटतो तेव्हा तो खांब बांबूचा व कागदाचा आहे हे कोणाला ठाऊक नसते? तरी पोरे आईच्या पदराआड लपतात. सोंग आपल्याला फसवत नाही. ‘अर्धे काम मी केले, अर्धे तुम्ही करा’ असे सांगते. जी कला प्रेक्षकाला हे अर्धे काम देते तिचे दारिद्र्य हे दारिद्र्यच राहत नाही.

उलट उदाहरण घरचेच आहे. १९९८ साली दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका आली. मिलिंद सोमण त्यात नायक. आम्ही तेव्हा शाळकरी. वीज राहिली तर रविवार सार्थकी लागत असे. संगणकाने काढलेली अंतराळयाने आपल्या पडद्यावर प्रथमच इतक्या थाटात उडत होती, आणि त्या धाडसाचे कौतुक करायलाच हवे. परंतु आज ती पाहताना मन रमत नाही. चित्रे जुनी झाली हे त्याचे कारण नव्हे. त्या विश्वात ज्याला भूक लागते, ज्याची चप्पल तुटते, ज्याला उद्या वर्गावर जायचे आहे असा एकही मनुष्य भेटत नाही. तिची साधने त्या काळच्या मानाने नवी होती, ती शिळी झाली. पुठ्ठा मुळातच नवा नव्हता, तो शिळा होत नाही.

आम्ही जे जे पाहिले त्यात ‘द अॅझटेक्स’ ही चार भागांची कथा सर्वांत मोलाची. २३ मे ते १३ जून १९६४ या काळात ती दाखवली गेली. लेखक जॉन लुकारॉटी. मेक्सिकोच्या प्राचीन अॅझटेक नगरीत ही मंडळी पोहोचतात. एका समाधीतून बाहेर पडलेल्या बार्बराबाईंच्या हातात तिथले कंकण असते, आणि लोक त्यांना एका मृत पुरोहिताचा पुनर्जन्म मानून देवता करून बसवतात. बाई इतिहास शिकवणाऱ्या. या लोकांची शिल्पे, त्यांचे ज्ञान हे सारे त्यांना प्रिय, आणि नरबळीची चाल तेवढीच घृणास्पद. पुढे स्पेनचा कोर्तेस येऊन हे राज्य धुळीस मिळवणार, हेही त्यांना पाठ आहे. नरबळी थांबवला तर कदाचित ही संस्कृती वाचेल, असा त्यांचा हिशेब. डॉक्टर बजावतो की इतिहासातली एक ओळही बदलता येणार नाही. बाई ऐकत नाहीत.

आणि मग तो प्रसंग येतो. पावसासाठी बळी द्यायचा आहे. बाई देवतेच्या अधिकाराने आज्ञा करतात: थांबा. पण ज्याला मारायचे तोच मनुष्य अपमानित होतो. आपला मान हिरावला गेला म्हणून तो देवळाच्या माथ्यावरून स्वतःच उडी घेतो. त्याच क्षणी मेघ गरजतात आणि पाऊस कोसळतो. त्लोतोक्सल नावाचा बळी देणारा पुरोहित विजयाने बाईंकडे पाहतो: मृत्यू आला, त्यासरशी पाऊस आला!

मागे रंगवलेल्या पडद्यावरची नगरी दिसत होती. जॉन रिंगहॅम हा नट पुरोहिताचे काम एका खांद्यात वाकून, डोळे फिरवीत, थेट आपल्या जुन्या कंपनी-नाटकांतल्या खलपुरुषासारखे करीत होता. तरी आमच्या ओसरीवर कोणी हसले नाही. ज्या मुलखाने १९७२चा दुष्काळ पाहिला, ज्याच्या गावांत धोंडी काढून दारोदार पाणी अंगावर घेतले जाते, त्याला पावसाच्या वेळेचा हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. शिक्षकाने वर्गात वाफेचे, ढगांचे, मोसमी वाऱ्यांचे धडे द्यावेत, आणि धोंडी निघाल्या संध्याकाळीच सर यावी! दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहणाऱ्याची अवस्था बार्बराबाईंहून निराळी नसते. हा प्रसंग लिहिणाऱ्याला शिक्षकाच्या पराभवाची जात बरोबर कळली आहे.

आमच्या संशोधक मित्रांचा आक्षेप मात्र बिनतोड होता. गोऱ्या नटांनी अॅझटेक व्हायचे, आणि एका इंग्रज बाईने त्यांची रानटी चाल बंद करायला निघायचे; बेंटिंकच्या १८२९च्या सतीबंदीचा धडा ब्रिटिश अमदानीतल्या पुस्तकांत ज्या थाटात असे, तोच हा थाट नव्हे काय? आहेच. ज्याला बाईंचे पटते तो ऑटलॉक नावाचा ज्ञानी पुरोहित तेवढा भला, बाकीचे मूढ, ही विभागणी गोऱ्यांच्या सोयीची आहे. परंतु फरक असा की त्या धड्यांत साहेब यशस्वी होत असे. इथे बाई हरतात. सूर्यग्रहणाच्या वेळी ठरलेला बळी ठरल्याप्रमाणे दिला जातो. ऑटलॉकची श्रद्धा ढासळते, तो सारे वैभव सोडून अरण्याची वाट धरतो, आणि म्हाताऱ्या डॉक्टरकडून बाईंना सांत्वन मिळते ते एवढेच की एका माणसाला तरी तुम्ही मदत केलीत. साम्राज्य नुकतेच आटोपलेल्या देशाने आपल्या मुलांना शनिवारी संध्याकाळी ही गोष्ट सांगावी, याचे मला आश्चर्य वाटते आणि आदरही.

इथे जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. नाते दूरचे नाही. नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली संशोधन करीत होते, त्याच काळात, १९६१ साली, हॉयल यांनी जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमिडा’ ही विज्ञानमालिका लिहिली होती. (तिचा बहुतेक भाग आज नष्ट झाला आहे. ‘डॉक्टर हू’चेही नव्वदांहून अधिक भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले, ‘मार्को पोलो’ ही कथा तर चित्ररूपाने संपूर्ण गेली, आणि उरला तो फक्त प्रेक्षकांनी घरी टिपून ठेवलेला आवाज. इतिहास बदलता येत नाही म्हणणाऱ्या मालिकेचा इतिहास असा पुसला जावा!) नारळीकरांचे गंगाधरपंतही इतिहासाचेच प्राध्यापक. अपघातानंतर ते अशा जगात जाऊन पडतात की जिथे विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, मराठे पानिपत जिंकले, आणि कंपनी सरकार मुंबईपुरते उरले. कल्पना भव्य आहे, मागचे विज्ञान पक्के आहे. बखरीचे ते पान वाचताना मराठी वाचकाची छाती दोन बोटे फुगते, हेही खरे.

आमचे संशोधक मित्र पंतांच्या बाजूचे. लेखकाने चमत्काराचे शास्त्रीय स्पष्टीकरण देण्याची जबाबदारी पत्करली, निळ्या खोक्याने ती कधीच पत्करली नाही, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य करूनही माझे मत उलट पडते. गंगाधरपंतांच्या जगात इतिहास एका गोळीने बदलतो, पंतांनी काहीच पणाला लावलेले नसते. आझाद मैदानावर ते भाषणाला उभे राहतात आणि श्रोत्यांचा मार खातात. तो मार विनोदाच्या अंगाने जातो, आणि ते परत येतात ते एक कोडे घेऊन. बार्बराबाई हाताने इतिहास धरायला जातात आणि त्यांच्या आज्ञेने एक मनुष्य देवळावरून उडी टाकतो. पंतांना जे झाले ते समजून घ्यायचे आहे. बाईंना ते होऊ द्यायचे नाही. मराठी विज्ञानकथेने पहिली वाट उत्तम रुळवली. दुसऱ्या वाटेवर आपली माणसे अजून फारशी गेलेली नाहीत. आपल्या कादंबरीकारांना, त्यात मीही आलो, विज्ञान म्हटले की प्रयोगशाळा आठवते, शाळा आठवत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. इतिहासाला हात लावू नका म्हणणारा डॉक्टर या कथेत स्वतः एक गोंधळ करून बसतो: कामेका नावाच्या एका प्रौढ स्त्रीला तो कोकोचा पेला करून देतो, आणि ती मागणी घालण्याची तिथली रीत निघते! हा धागा हलका, किंचित पोरकटही. पण शेवटी निघताना तिने दिलेला अलंकार तो समाधीत ठेवतो, दोन पावले जातो, मागे वळतो, आणि तो उचलून खिशात टाकतो. हार्टनेल हे एकही शब्द न बोलता करतो.