किल्लारीचा भूकंप आणि शास्त्रीय निबंधांची भाषा

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या कातळात असा धक्का बसावा याचे शास्त्रज्ञांस मोठे नवल वाटले, व निबंधांचा ओघ सुरू झाला. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १९९४ सालीच या भूकंपावर स्वतंत्र ग्रंथ काढला. हे लेखन मोलाचे आहे, परंतु ते बहुतेक सर्व इंग्रजीत आहे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जमीन हादरत असल्याची खबर किल्लारीकरांनी मराठीत दिली होती. माळवदाखाली ज्यांचे आप्त दडपले, त्यांस त्या खबरीचा शास्त्रीय अर्थ मात्र वाचता येत नाही.

लेखकाची अडचण याहून निराळी. नांदेडास १९९४ साली विद्यापीठ झाले. तेथील विद्यार्थी मराठीत विचार करतो व इंग्रजीत निबंध लिहितो. मग परीक्षक कळवितो की, जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्याकडून भाषा तपासून घ्यावी. असा गृहस्थ औशास कोठे शोधावयाचा? २०२३ साली तात्सुया अमानो व सहकाऱ्यांनी आठ देशांतील ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांस विचारून पाहिले, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध भाषेपायी सुमारे अडीचपट अधिक वेळा नाकारले जातात असे आढळले. त्या आठांत भारत नव्हता; तथापि आमच्याकडील अनुभव निराळा असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

देशी भाषेस शास्त्र पेलत नाही, हा आक्षेप मराठवाड्याने तरी ऐकून घेऊ नये. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने भाषांतराचे खाते उभारून वैद्यकासारखे विषयही उर्दूतून शिकविले. मराठी मुलास ती उर्दूही परकीच होती, हे खरे; म्हणून इंग्रजीच्या जागी दुसरी एखादी भाषा सक्तीने बसवा, असे आम्ही म्हणत नाही. जपानी शास्त्रज्ञास किल्लारीचा निबंध वाचता यावा, यासाठी इंग्रजी राहू द्यावी. परंतु परीक्षकाने विषयाचा निर्णय भाषेच्या निर्णयापासून वेगळा द्यावा, भाषाशुद्धीचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी न मारता संस्थेने सोसावा, आणि ज्या गावच्या जमिनीविषयी निबंध आहे त्या गावासाठी दोन पानांचा मराठी सारांश जोडण्याची अट असावी. लातुरातील गवंड्यास भिंतीची जाडी व छपराचा भार यांविषयीची ती दोन पाने मूळ इंग्रजी निबंधाहून अधिक उपयोगी पडतील.