बेस वादकांच्या गप्पा आणि कव्हर बँड : एक समीक्षात्मक टिपण

१. प्रास्ताविक

संगीतसमीक्षा म्हटली की आपल्याला वृत्तपत्रातील परीक्षण किंवा एखादा ग्रंथ आठवतो. परंतु एकच वाद्य वाजवणारी माणसे एकत्र बसून जे बोलतात, तीही समीक्षाच असते. दोन तबलजी भेटले की शाई, वादी आणि चामड्यावर होणारा पावसाळी हवेचा परिणाम यांवर बोलतात. त्यांचे बोलणे वरवर वस्तूंविषयी असते, पण त्यामागे नाद कसा असावा याविषयीचे एक ठाम मत असते. बेस गिटार वाजवणाऱ्यांचेही तसेच आहे. त्यांच्या गप्पांत तीन विषय हमखास येतात : वाद्य व त्याची सामग्री, झालेले आणि होणारे कार्यक्रम, आणि कव्हर बँडमधील वादन.

दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केलेले गाणे आपण वाजवणे म्हणजे कव्हर, आणि प्रामुख्याने अशी गाणी वाजवणारा वाद्यवृंद म्हणजे कव्हर बँड. महाराष्ट्रात गणेशोत्सवात किंवा लग्नसमारंभात जुनी चित्रपटगीते सादर करणारा जो ‘ऑर्केस्ट्रा’ तुम्ही ऐकला असेल, तोही याच जातीचा. अशा वादनाला आपण सहज ‘नक्कल’ म्हणून मोकळे होतो. हा शब्द कितपत योग्य आहे, हे बेस वादकाच्या बाजूने तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२. वाद्य आणि त्याचे काम

लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. त्यापूर्वी खर्जाचे काम मुख्यतः उभ्या डबल बेसकडे होते. ते वाद्य अवजड, प्रवासाला गैरसोयीचे, आणि ढोल-झांजांच्या गदारोळात ऐकू येण्यास कठीण. शिवाय त्यावर फ्रेट नसल्याने स्वराची जागा बोटाने शोधावी लागे. नव्या वाद्यावर गिटारप्रमाणे फ्रेट होते, त्यामुळे स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकता. नाव त्यावरूनच आले.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झला मिळवलेली असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ बाहेर येतच नाही. आपला कान वरच्या उपस्वरांवरून तो ताडतो. म्हणूनच ‘बेस ऐकूच येत नाही’ अशी तक्रार पुष्कळ श्रोते करतात. परंतु तबल्याच्या जोडीतून डग्गा काढून घेतला तर काय होते, ते आठवा. ठेका मोजता येतो, पण त्याला वजन राहत नाही. बेसचे काम बरेचसे डग्ग्यासारखे आहे. फरक एवढाच की, लय सांभाळतानाच त्याला गाण्याच्या स्वरमेळाचा पायाही सांगावा लागतो. तालवाद्य आणि सुरावट यांच्या सांध्यावर तो उभा असतो. तिथे चूक झाली तर श्रोत्याला चूक सापडत नाही, फक्त गाणे ‘बसले नाही’ असे वाटते.

३. सामग्रीच्या गप्पा : खरा विषय कोणता?

बेस वादकांच्या गप्पांत तारांचा विषय निघाला नाही असे सहसा होत नाही. ढोबळमानाने तारा दोन प्रकारच्या. एका प्रकारात गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते. तिचा आवाज चकचकीत असतो, स्वर लांबतो आणि बोट सरकल्याचा खरखराट ऐकू येतो. दुसऱ्या प्रकारात चपटी पट्टी गुंडाळलेली असते. तिचा आवाज मऊ, गोलसर असतो आणि स्वर लवकर विझतो. यापुढे पिकअप, अ‍ॅम्प्लिफायर, आवाजाची चढउतार आवळून धरणारा कॉम्प्रेसर, अशी यादी वाढत जाते.

या चर्चेवर एक आक्षेप घेतला जातो : हे सारे खरेदीचे बोलणे आहे, संगीताचे नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. अमुक कलावंताचे वाद्य घेतले की त्याचा नाद आपल्या हाती येईल, ही समजूत अनेकांच्या बोलण्यात डोकावते आणि विक्रेत्यांना ती सोयीची असते. परंतु एवढ्यावरून संपूर्ण चर्चा निकालात काढणे घाईचे होईल. ‘तुझा आवाज फार चकचकीत आहे’ असे एक वादक दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तो बहुधा स्वराच्या लांबीविषयी बोलत असतो. एक स्वर किती वेळ टिकतो, आणि पुढचा स्वर येण्याआधी जागा मोकळी होते की नाही, हा खरा प्रश्न. तो पटण्यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहू.

४. जेम्स जेमरसन : एका नादाची फोड

जेम्स जेमरसन (1936–1983) हे डेट्रॉइट शहरातील मोटाउन या कंपनीचे बेस वादक. 1960 च्या दशकात ‘माय गर्ल’ (1964), ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ (1967) यांसारख्या असंख्य लोकप्रिय गीतांत त्यांचे वादन आहे. जगभरचे कव्हर बँड आजही ही गाणी वाजवतात, म्हणजेच जेमरसन यांच्या ओळी रोज कुठे ना कुठे पुन्हा वाजत असतात.

त्यांच्या वाद्याची माहिती प्रसिद्ध आहे. 1962 चा प्रिसिजन बेस, त्यावर जाड चपट्या तारा. या तारा ते, तुटल्याशिवाय, बदलत नसत. पुलाजवळ तारांखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचे एकच बोट, तर्जनी, तार छेडत असे. त्या बोटाला ‘हुक’ असे नाव पडले होते. बेस वादक हा तपशील एकमेकांना पुराणकथेसारखा सांगतात. आपण त्याचा कार्यकारणभाव पाहू.

जुनी चपटी तार आणि फोम यांमुळे प्रत्येक स्वर ठसठशीत उमटतो आणि लगेच विझतो. आता जेमरसन यांची ओळ ऐका. 1971 च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या शीर्षकगीतात बेस सतत हलत असतो : मात्रेच्या अलीकडे-पलीकडे पडणारे आघात, दोन मुख्य स्वरांना जोडणारे मधले स्वर, मोकळ्या तारेवर क्षणभर टेकून पुढे जाणे. एवढी दाटी असूनही गायक मार्विन गे यांच्या आवाजाला कुठेही धक्का लागत नाही. कारण स्वर पुष्कळ असले तरी त्यांतला कोणताही रेंगाळत नाही. जेमरसन यांना इतके स्वर वाजवण्याची मोकळीक त्यांच्या कल्पनाशक्तीने दिली हे खरेच, पण ती त्या विझणाऱ्या नादानेही दिली.

आता एखाद्या कव्हर बँडमधील मेहनती वादकाची कल्पना करा. त्याने ही ओळ स्वरन् स्वर पाठ केली आहे. वाद्य नवे, तारा चकचकीत, स्वर लांबणारा. तो सर्व काही ‘बरोबर’ वाजवतो आणि गाण्यात चिखल होतो. त्याने स्वर घेतले, स्वरांमधली शांतता मात्र घेतली नाही. अशा वेळी त्याच्यापुढे दोन मार्ग असतात : तळहाताच्या कडेने तारा दाबून स्वर आखूड करणे, किंवा काही स्वर सोडून देणे. दुसऱ्या मार्गाने त्याचे वादन मूळ ओळीपासून दूर जाईल, पण मूळ गाण्याच्या जवळ येईल.

माझे प्रतिपादन नेमके येथे आहे. कव्हर बँडमधील बेस वादकाची निष्ठा ओळीशी असावी की ओळीच्या कामाशी, हा निवाडा त्याला प्रत्येक गाण्यात करावा लागतो. आणि असा निवाडा करणाऱ्याला आपण नकलाकार म्हणू शकत नाही. तो त्या गाण्याचा समीक्षक असतो.

५. कार्यक्रमातील प्रश्न : पट्टी बदलते तेव्हा

हा निवाडा केवळ तात्त्विक नाही, हे कार्यक्रमांविषयीच्या गप्पांतून कळते. समजा, मूळ गाणे पांढरी तीनमध्ये आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार हीच, म्हणजे गाण्याचा षड्ज मोकळ्या तारेवर घुमतो. गायिका म्हणते, मला पांढरी दोन हवी. आता तो खर्जातला षड्ज वाद्यावर शिल्लकच नाही. तार सैल करून उतरवावी, तर पुढच्या गाण्याआधी ती पुन्हा चढवावी लागते. पाच तारांचा बेस घ्यावा, तर त्याची मान रुंद आणि हाताची सवय निराळी. षड्ज वरच्या सप्तकात न्यावा, तर गाणे हलके होते. उलट, पट्टी पांढरी चार झाली तर षड्ज मिळतो, पण मोकळ्या तारेचा घुमारा जातो.

यांपैकी कोणता पर्याय योग्य, याचे एकच उत्तर नाही. जिथे तो खालचा स्वर गाण्याचा आधार आहे, तिथे वादकाने तार उतरवण्याचा त्रास घ्यावा. जिथे तो केवळ रंगापुरता आहे, तिथे वरचे सप्तक चालेल. पण हा फरक ओळखण्यासाठी गाणे समजावे लागते. ‘पाच तारा घ्यायच्या की चार’ हा गप्पांतला कंटाळवाणा वाटणारा वाद प्रत्यक्षात या समजुतीचा वाद आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला असणारा युक्तिवादही तुम्ही तपासा. काही वादक म्हणतात, श्रोते नाचायला आले आहेत, प्रत्येक स्वरमेळाचा मूळ स्वर वाजवला की काम झाले. या मतात श्रोत्याविषयी व्यवहारज्ञान आहे, पण गाण्याविषयी आळस आहे. ‘माय गर्ल’च्या आरंभी बेस एकटा येतो आणि मग गिटार. तो मोजक्या स्वरांचा आकृतिबंध म्हणजेच त्या गाण्याचा दरवाजा आहे. तो बदलला तर श्रोत्याला गाणे ओळखायला वेळ लागेल. काय सोडता येत नाही, हे जाणणे म्हणूनच काय सोडावे हे जाणण्याइतके महत्त्वाचे आहे.

६. नक्कल, तालीम आणि श्रेय

कव्हर वाजवणे ही निर्मितीची आधीची पायरी असते, असे इतिहास दाखवतो. बीटल्स 1960 ते 1962 या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र इतरांची गाणी वाजवत. पॉल मॅकार्टनी बेसकडे वळले ते याच काळात, आणि त्यांनी आपला प्रसिद्ध होफ्नर बेस 1961 साली तिथेच घेतला. 1963 च्या त्यांच्या पहिल्या दीर्घमुद्रिकेतील 14 गीतांपैकी 6 इतरांची होती. मुंबईत 1984 च्या सुमारास सुरू झालेला ‘रॉक मशीन’ हा बँडही आधी कव्हर वाजवत असे, पुढे स्वतःच्या गीतांकडे वळला आणि 1993 साली ‘इंडस क्रीड’ झाला.

परंतु कव्हरला केवळ पायरी मानणेही अपुरे आहे. शिलाँगमध्ये लू माजॉ हे 1972 पासून दर वर्षी 24 मे रोजी बॉब डिलन यांचा वाढदिवस त्यांची गाणी गाऊन साजरा करतात. पुढे कुठे तरी जाण्याची ही तयारी नाही. एखाद्या वाङ्मयाची पारायणे करावीत, तसे हे आहे. आपल्या परंपरेत तर शेकडो वर्षांच्या बंदिशी गाणाऱ्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. तो ती कशी मांडतो, हे आपण ऐकतो. हाच न्याय कव्हर बँडला का लावू नये?

एक फरक मात्र विसरता येत नाही. बंदिशीत पुष्कळदा रचनाकाराचे नाव गुंफलेले असते. जेमरसन यांचे नाव मात्र मोटाउनच्या अल्बमवर 1971 मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत छापले गेले नाही. जगाने त्यांच्या ओळी गुणगुणल्या, नाव नाही. हिंदी चित्रपटसंगीतातही असेच घडले. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणारे टोनी वाझ किंवा मुंबईच्या स्टुडिओंत काम केलेले अनेक गोवेकर वादक श्रेयनामावलीत क्वचितच दिसतात. अशा वादकांची नावे टिकली त्यात मोठा वाटा दुसऱ्या वादकांच्या गप्पांचा आहे. ‘ही ओळ कोणी वाजवली?’ असे विचारणारा पहिला माणूस बहुधा ती ओळ वाजवू पाहणारा असतो.

७. समारोप

सारांश, बेस वादकांच्या गप्पा दोन प्रकारच्या असतात. ज्या वस्तूवर येऊन थांबतात त्या खरेदीच्या. ज्या वस्तूवरून स्वराच्या लांबीकडे, गाण्याच्या गरजेकडे आणि मूळ वादकाकडे जातात त्या समीक्षेच्या. कव्हर बँड ऐकताना ‘हुबेहूब वाजवले का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा : बेस वादकाने काय ठेवले, काय सोडले, आणि जे सोडले त्यामुळे गाणे मोकळे झाले की पोकळ?

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एखाद्या वाद्यवृंदाने सादर केलेले गीत आणि त्याचे मूळ ध्वनिमुद्रण चांगल्या हेडफोनवर ऐका. बेसच्या ओळीत झालेले तीन बदल नोंदवून त्यांची संभाव्य कारणे लिहा.

२. ‘बंदिश गाणे आणि कव्हर वाजवणे यांत तत्त्वतः फरक नाही.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.

३. तुमच्या भाषेतील एका लोकप्रिय चित्रपटगीताच्या वादकांची नावे शोधण्याचा प्रयत्न करा. ती कोणाकडून कळली, हेही नोंदवा.