नामाचे पाच प्रकार पाठ, तरी 'इक्विपमेंट्स' का लिहितो?

नामाचे प्रकार किती? शाळेत इंग्रजी व्याकरण शिकला असाल तर उत्तर झोपेतही येईल: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट. आता सांगा, 'फर्निचर' यातलं कोणतं? कलेक्टिव्ह म्हणाल, तर 'टीम'चं 'टीम्स' होतं तसं 'फर्निचर्स' का होत नाही? मटेरियल म्हणाल, तर फर्निचर हा लाकडासारखा पदार्थ नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

हे पाच कप्पे बहुतांशी वस्तूंचे आहेत, शब्दांचे नाहीत. सोनं हा पदार्थ आणि प्रामाणिकपणा हा भाव, ही जगाबद्दलची माहिती झाली. वाक्य लिहिताना मात्र वेगळंच हवं असतं: या शब्दाला 'एस' लागतो का? मागे 'अ' चालतो का? 'मेनी' म्हणायचं की 'मच'? तिथे कामाला येतो तो एकच भेद, नाम मोजता येणारं की न येणारं. 'आयडिया' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही ॲबस्ट्रॅक्ट. पण 'टू आयडियाज' चालतं, 'टू ॲडव्हायसेस' चालत नाही. हा भेद पुस्तकांत असतोच, पण चार ओळींत. परीक्षेत मार्क मिळतात ते पाच प्रकार ओळखायला.

बरं, मोजता येणं हा वस्तूचा गुण असता तर प्रश्नच नव्हता. मराठीत 'केस गळतात', अनेकवचन. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', एकवचन. आपण 'तांदूळ निवडले' म्हणतो, इंग्रजीत 'राइस' मोजता येत नाही. डोकं तेच, तांदूळ तेच. भाषा बदलली की मोजणी बदलते. कधी तर एकाच शब्दाला दोन्ही रूपं असतात. नुसतं 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे शोधनिबंध किंवा वर्तमानपत्र. पाच कप्प्यांत याचं उत्तर शोधून बघा.

'पार्ट्स ऑफ स्पीच'चीही तीच गत. ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग होते, त्यात आर्टिकल होतं. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही, म्हणून तिथल्या पंडितांनी ते काढलं आणि केवलप्रयोगी अव्यय वेगळं धरून आठाचा आकडा राखला. ती यादी पुढे इंग्रजीला चिकटली. इंग्रजीत आर्टिकल आहे, पण यादीत जागा नाही. म्हणून 'द' आणि 'अ' विशेषणांत कोंबले. तपासा: 'व्हेरी बिग' होतं, 'व्हेरी द' होत नाही. 'बिग रेड बॉक्स' चालतं, 'द माय बॉक्स' चालत नाही. म्हणजे 'द' आणि 'माय' एकाच जागेसाठी भांडतात, आणि ती जागा विशेषणाची नाही. आपण मराठी माणसं सर्वात जास्त अडखळतो ते आर्टिकललाच, आणि त्यालाच स्वतःचा कप्पा नाही.

पर्याय नव्हता असंही नाही. चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने टेलिफोनवरची खरी संभाषणं रेकॉर्ड केली आणि शब्द वाक्यात कुठल्या जागी बसतो यावरून वर्ग पाडले. त्याचं पुस्तक 1952 चं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल: आधी निरीक्षण, मग वर्गीकरण.

जुन्या यादीची बाजूही सांगतो. 'नाम', 'क्रियापद' हे शब्द नसते तर हा लेखच लिहिता आला नसता. प्रॉपर नाउन ओळखता आलं की कॅपिटल अक्षर कुठे द्यायचं ते कळतं. सुरुवातीला ओळख म्हणून ती यादी ठीक आहे. तिलाच शेवट मानणं चूक.

ही पंडिती तक्रार नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी 'इक्विपमेंट्स', 'इन्फॉर्मेशन्स' लिहितो, पेपर 'भाषा सुधारा' या शेऱ्यासह परत येतो, आणि तो ठरवतो की आपलं इंग्रजी कच्चं. खरं तर शिकवलेलं सगळं त्याला पाठ असतं. जे लागणार होतं ते नीट शिकवलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी अडलात तर प्रकार आठवत बसू नका. परकीय शिकणाऱ्यांसाठी बनवलेला, लर्नर्स म्हणतात तसा शब्दकोश उघडा. नामापुढे 'सी' असेल तर मोजता येतं, 'यू' असेल तर नाही. दोन्ही असतील तर कुठल्या अर्थाला कुठलं ते पाहा. सुरुवात 'रिसर्च'पासून करा. आपल्याला रोज लागणारा शब्द आहे.