दिवे लावायचे, पण कुठे?

(नरसी नामदेव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



नामदेवांच्या जन्मगावी, कयाधूच्या काठी उभं राहून पीएचडीवर बोलायचं, म्हणजे जरा संकोच वाटतो. कुणी तरी मागून म्हणेल, महाराज, अभंगावर बोला, हे काय काढलंत! पण विषय याच मातीतला आहे, थोड्या वेळात तिथंच येतो.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात संशोधकांच्या अधिछात्रवृत्तीवर चर्चा चालली होती. तेव्हा अजित पवार यांनी विचारलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? पोरं चिडली. चिडणं साहजिकच होतं. पण नुसतं चिडून प्रश्न संपत नाही. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत पाच-सहा वर्षं घालवलेल्या मुलाला प्राध्यापकीखेरीज दुसरी वाटच माहीत नसते, आणि ती वाट किती अरुंद झाली आहे ते या सभागृहातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मग आता नवा उपाय निघाला आहे: संशोधकाला काही महिने एखाद्या संस्थेत कामाला पाठवा. संग्रहालय, अभिलेखागार, प्रकाशनगृह, आकाशवाणी, काहीही. ब्रिटनमध्ये कला आणि मानव्यविद्यांना निधी देणारी परिषद हे बरीच वर्षं करते आहे. आपल्याकडंही त्याची भाषा सुरू झाली. या उपायाबद्दल माझं काय म्हणणं आहे, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी नियम बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएचडीचे नवे नियम काढले. त्यात प्रत्येक संशोधकाने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं, लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं असं आहे. आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम देता येईल असंही आहे. म्हणजे नियमालाही संशोधकाचं काम म्हटलं की वर्गच दिसतो. वर्गाबाहेरच्या कामाची सोय एमएला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्या वर्षाला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं, चार क्रेडिटचं. गंमत बघा, ज्याला अजून विषयाची तोंडओळख होते आहे त्याला कामावर पाठवायचं, आणि ज्याला जुनं हस्तलिखित लावता येतं त्याला कोंडून ठेवायचं.

त्या ट्रेनिंगचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. माझा एक विद्यार्थी एका कार्यालयात गेला. कार्यालयाचं नाव घेत नाही. तीन आठवडे त्याने झेरॉक्स काढल्या, पाकिटांवर पत्ते लिहिले. साहेब एकदाच भेटले, प्रमाणपत्र देताना. त्याने मग अहवाल लिहिला, ‘कार्यालयीन व्यवस्थापनाचा अनुभव मिळाला’. आणि त्यावर मार्गदर्शक म्हणून सही कुणी केली? मीच केली. पूर्ण वाचलाही नव्हता. तो मुलगा काही बोलला नाही, पण पुढे पीएचडीसाठी त्याने दुसरा मार्गदर्शक निवडला. बरोबरच केलं.

तर माझी पहिली तक्रार ही आहे. काम आधी ठरत नाही, माणूस आधी पाठवला जातो. आपल्याकडं पोरगं रिकामं दिसलं की ‘याला कुठं तरी चिकटवा’ म्हणतात, तसंच हे.

आता उलटं उदाहरण घ्या. सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाचं राजकारण बाजूला ठेवू, त्यावर इथं बोलायचं नाही. पण घडलं काय? निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली आणि प्रशासनाच्या लक्षात आलं की हे वाचणार कोण? मोडी वाचणारा माणूस हवा, उर्दू हवा, फारसी हवा. धावाधाव झाली. ज्यांना कालपर्यंत ‘मोडी शिकून पोट भरणार का’ असं विचारलं जायचं, त्यांची वाट पाहणं सुरू झालं. लाखो लोकांच्या कागदांचा प्रश्न लिपीपाशी येऊन अडला होता. नांदेडचं विद्यापीठ 1994 पासून आहे, हिंगोली त्याच्याच कार्यक्षेत्रात येते. इतिहासाचे आणि मराठीचे संशोधक दरवर्षी सहा-सहा महिने तहसिलातल्या आणि जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात बसत असते, तर त्या वेळी माणसं शोधावी लागली नसती. याला मी कामाचं प्रशिक्षण म्हणतो. तिथं काम आधीपासून पडलेलंच होतं.

काही प्राध्यापक मित्र म्हणतात, संशोधकाने ग्रंथालयात बसावं, कचेरीत गेल्यावर संशोधन बिघडतं. त्यांना मी सेतुमाधवराव पगडींचं नाव सांगतो. निलंग्यात जन्मलेला माणूस. निजामाच्या राज्यात सरकारी अधिकारी होते. आदिलाबाद भागात गोंडांमध्ये काम करताना गोंडी शिकले आणि त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. पुढे महाराष्ट्राच्या दर्शनिका विभागाचं काम पाहिलं, शिवकाळावर आणि मोगलकाळावर लिहिलं. कचेरीनेच त्यांना प्रश्न पुरवले. अर्थात पगडींना पगार होता, हुद्दा होता, हे विसरायचं नाही.

आणि माझी दुसरी तक्रार तिथंच आहे. ब्रिटनच्या योजनेचा दाखला देणारे एक गोष्ट सांगत नाहीत. तिकडं संशोधक संग्रहालयात गेला तर त्याचं विद्यावेतन चालू राहतं आणि तेवढी मुदत वाढवून मिळते. शिवाय संग्रहालयात त्याला शिकवायला कायमचे जाणकार कर्मचारी असतात. आपल्याकडं त्याच जागा रिकाम्या. अभिलेखपाल नाही, जतन करणारा नाही, ग्रंथपालाची जागा भरायची राहिलेली. तिथं संशोधक पाठवला तर तो शिकणार कुणाकडून? उलट, फुकटचा माणूस मिळाला म्हणून ती जागा आणखी दहा वर्षं भरली जाणार नाही. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

पैशाचंही बोलतो. जेआरएफवाल्याला महिना 37,000 रुपये मिळतात, त्याचं ठीक आहे. पण सगळेच काही जेआरएफवाले नसतात. सेनगाव तालुक्यातल्या मुलीला ‘सहा महिने मुंबईच्या अभिलेखागारात जा’ म्हणायचं, तर खोलीभाडं कोण देणार? सहा वर्षांच्या मुदतीतले ते सहा महिने कोण परत देणार? याचं उत्तर कागदावर नसेल तर जाणार कोण, ज्याचा मामा मुंबईत आहे तो.

म्हणून मी म्हणतो, मुंबईला कशाला पाठवता, इथंच बघा. नामदेवांचं साहित्य म्हणजे अजून न सुटलेला गुंता आहे. ‘नामा’ ही मुद्रा एकापेक्षा जास्त कवींनी वापरली, विष्णुदास नामा हे त्यातलं ठळक नाव. शासनाने 1970 मध्ये गाथा छापली, मोठं काम झालं, पण कुठला अभंग कुणाचा हा वाद मिटला नाही. शीखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. 2015 चं साहित्य संमेलन त्याच धाग्याने पंजाबात घुमानला भरलं. कीर्तनकार घराण्यांतून बाडं जपली गेली, म्हणजे त्या लांबट शिवलेल्या वह्या, कीर्तनाला उभं राहताना हाताशी असणाऱ्या. त्या बाडांकडं कीर्तनकाराचं कामाचं टाचण म्हणून पाहिलं पाहिजे, हे बारकाईने कुणी मांडलं? अमेरिकेतल्या ख्रिश्चन ली नोवेत्झके यांनी, 2008 च्या पुस्तकात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण आमच्या विभागातून हिंगोली तासाभराच्या अंतरावर असताना आम्ही काय करत होतो?

एक मराठीचा संशोधक, एक पंजाबी जाणणारा, सहा महिने. विद्यावेतन चालू, मुदत वाढवून. काम एकच: जिल्ह्यातल्या बाडांची यादी. घर कुठलं, पानं किती, लिपी बाळबोध की मोडी, कुणाच्या हातची, वाळवी लागली का. बाड घरातच राहील, फक्त छायाचित्र घ्यायचं. आणि यादीवर संशोधकाचं नाव छापायचं, मार्गदर्शकाचं नाही. मी विभागाकडं असा प्रस्ताव लिहून दिला आहे. त्यात देखरेख कोण करणार या रकान्यात अजून काही लिहिता आलेलं नाही, कारण जुनं बाड हाताळायला शिकवणारा माणूस नेमलेला असावा अशी माझी अट आहे, आणि अशी जागाच मंजूर नाही.

इथं कीर्तनकार मंडळी बसलेली दिसतायत. ज्यांच्या घरी बाडं आहेत त्यांनी जाताना जरा थांबा, मला बोलायचं आहे. बाकीच्यांनी प्रश्न विचारा.