नाव कमी केलेल्या चित्रकर्ती

नाचणगावहून पुलगाव गाठून गाडीत बसलं, की वर्धा आणि पुढचं सेवाग्राम हा काही लांबचा प्रवास नाही. बापूकुटीत शिरलेला माणूस गांधीजींची बैठक बघतो, हात जोडतो, बाहेर पडतो. मातीच्या भिंतीवर उठावात घडवलेली ताडाची झाडं आणि चरखा क्वचितच कुणी थांबून पाहतं. ते काम मीराबेन यांचं. ब्रिटिश ॲडमिरलची ही मुलगी, मॅडेलिन स्लेड, १९२५ साली साबरमतीला आली आणि पुढे सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहिली. बापूकुटी मुळात तिचीच कुटी. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला, १९८२ मध्ये ऑस्ट्रियात त्यांचं निधन झालं. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं, पण शिष्या म्हणून. त्या भिंतीला कलाकृती म्हणायला आपली लेखणी कचरते.

लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी करतात. देश बदललेल्या चित्रकर्तींच्या बाबतीत मराठी कलासमीक्षेने नेमकं हेच केलं. बाहेरून आलेलीचं नाव चढवलं नाही, बाहेर गेलेलीचं खोडून टाकलं.

माग्दा नाखमान यांचं उदाहरण घ्या. जन्म १८८९, सेंट पीटर्सबर्गमध्ये लिऑन बाक्स्टसारख्या गुरूकडे शिक्षण, कवयित्री मरीना त्स्वेतायेवा यांचं व्यक्तिचित्र त्यांच्या हातचं. भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्याशी लग्न करून त्या बर्लिनला गेल्या. तिथे नाझींची राजवट आली आणि १९३६ मध्ये दोघं मुंबईत पोहोचले. पुढची पंधरा वर्षं त्या मुंबईतच रंगवत राहिल्या. फेब्रुवारी १९५१ मध्ये, प्रदर्शनाचं उद्घाटन अगदी तोंडावर असताना, त्यांचा मृत्यू झाला.

याच काळात नाझींपासून पळून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्रयी आपल्याला तोंडपाठ आहे. चित्रकारांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचा विषय निघाला, की हे तिघे पाठीराखे म्हणून येतातच. माग्दा येत नाहीत. व्हिएन्नाच्या नर्तकी हिल्डे होल्गर याही येत नाहीत. १९३९ ते १९४८ त्या मुंबईत होत्या, इथे त्यांनी नृत्यशाळा चालवली. कारण उघड आहे. त्या तिघांची नोंद झाली ती नव्या चित्रकारांना हात देणारे म्हणून. या दोघी स्वतः काम करत होत्या, आणि त्या कामाला कुठल्याच गटाची पाटी नव्हती.

बाहेर गेलेल्यांत अँजेला त्रिंदाद ठळक. वडील आंतोनियो शावियर त्रिंदाद मूळचे गोव्याचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले नावाजलेले शिक्षक. १९०९ साली जन्मलेल्या अँजेला तिथेच शिकल्या आणि आपल्या चित्रांत त्यांनी मेरीला साडी नेसवली. ही निव्वळ वेशभूषा नव्हे. गोव्याच्या चर्चमध्ये युरोपीय चेहऱ्याच्या मूर्ती पाहत वाढलेल्या समाजाला त्यांनी आपल्यासारखी दिसणारी माता दिली. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, त्रिकोणांच्या रचनेत रमल्या. हा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका पकड घेत नाही, हेही सांगायला हवं. १९८० साली ब्राझीलमध्ये त्या वारल्या. बापलेकीची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंतच्या संग्रहात एकत्र पाहता येतात, म्हणून निदान तुलना तरी करता येते.

परतलेल्यांचं मात्र आपण कौतुक करतो. नलिनी मलानी पॅरिसला राहून आल्या, प्रफुल्ला डहाणूकरही तिथे शिकून आल्या. परदेश म्हणजे त्यांच्या परिचयातली एक मानाची ओळ. न परतणाऱ्यांसाठी ती सोय नाही.

परतलेल्या आणि न परतलेल्या असा हा हिशेब सिओना बेंजामिन यांच्यापाशी अडतो. १९६० साली मुंबईत बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या कुटुंबात जन्म, जे. जे. चं शिक्षण, आता मुक्काम न्यू जर्सीत. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या कातडीच्या असतात. ज्यू कथा, लघुचित्रांची धाटणी आणि अमेरिकन कॉमिक्स यांची तिथे सरमिसळ होते. कधी ती अंगावर येते, कधी फार हुशार वाटते. पण फुलब्राइट शिष्यवृत्तीवर इथे येऊन त्यांनी आपल्या बेने इस्रायल समाजातल्या माणसांची छायाचित्रं घेतली आणि त्यांवर रंगकाम केलं, तिथे त्यांचा हात ठाम आहे. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांचे हे चेहरे.